पहिली पाळी पावणेसातला

सातची पाळी साडेसहाला आणायची, काम एवढंच. चाकणला एका जर्मन कंपनीत एचआर सांभाळत होतो. सातच्या बसेस तळेगाव चौकात अडकायच्या आणि इकडे लाइन खोळंबायची. प्लँट हेड जर्मनीतून आलेले. त्यांचा पहिला प्रश्न: "कामगारांनी मान्यता दिली का?" त्यांच्याकडे १९७२ च्या कायद्यानं कामाची वेळ ठरवताना कारखान्यातल्या कामगार परिषदेची संमती घ्यावीच लागते. आपल्याकडे २१ दिवसांची नोटीस लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही टिकली. म्हणजे कळवायचं, संमतीचं काय ते आपण बघायचं.

नोटीस लागली आणि युनियनच्या कमिटीनं थेट पगाराच्या कराराचा विषय काढला. साहेब चक्रावले. जर्मनीत पगाराची बोलणी कारखान्याबाहेर होतात, आयजी मेटल ही युनियन ती अख्ख्या विभागासाठी करते. पाळीचा प्रश्न आत, परिषदेसमोर. इथे दोन्ही एकाच कमिटीच्या हातात. त्यात करार साधारण तीन वर्षांनी, त्यामुळे मधल्या काळात सुचलेलं सगळं मागणीपत्रात जाऊन बसतं. जपानमध्येही युनियन कंपनीपुरतीच असते, पण तिथे दर वसंतात बोलणी होतात, तुंबत फारसं नाही.

खरी अडचण मात्र करारात नव्हतीच. खेडच्या बाजूचा एक वेल्डर मीटिंगमध्ये म्हणाला, "साहेब, साडेसहा म्हणजे बस साडेपाचला. डेअरी उघडते तेव्हा. दूध कोण घालणार?" कमिटीतल्या निम्म्यांच्या घरी गाई होत्या. मग बसचे थांबे मागेपुढे केले, नाश्त्याची सुट्टी पाच मिनिटांनी वाढवली आणि पावणेसातवर तोड निघाली. असल्या बैठकीत चहा दोनदा सांगावा, एकदाच सांगितला तर लोक घाई समजतात.

हे सगळं कायम कामगारांचं. लाइनवर त्यांच्या शेजारी उभी राहणारी कंत्राटी पोरं म्हाळुंगे, खराबवाडीच्या खोल्यांतून शेअर रिक्षानं यायची. त्यांना ना कमिटी, ना बस. जर्मन साहेबांनीही त्यांच्या मान्यतेचं विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. आदल्या संध्याकाळी ठेकेदाराच्या सुपरवायझरनं ग्रुपवर टाकलं: 'उद्यापासून पावणेसात. लेट आला तर हाफ डे.'