चाकाचे गुणमेलन

मुलाचा संसार पाहावा, चार महिने नातीला खेळवावे आणि परत पुण्याला यावे, एवढ्याच बेताने आम्ही उभयता डेट्रॉईटजवळ जाऊन राहिलो होतो. चिरंजिवांनी त्याच वर्षी एका वृद्ध जोडप्याकडून जुना ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला होता. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायची खोली. शेगडी, मोरी, बिछाने, पाण्याची टाकी, सारे आत. गाडीत बिऱ्हाड घालून जत्रेला जाणाऱ्या आमच्या आजोबांना त्याचे फारसे नवल वाटले नसते.

मॅकिनॉचा पूल ओलांडून मिशिगनच्या उत्तर भागात जायचे ठरले होते. १९५७ साली खुला झालेला हा पूल सुमारे पाच मैल लांब आहे. आमच्या मंडळींनी फराळाचे डबे भरायलाही घेतले. आणि निघायला तीन आठवडे असताना, ट्रेलर धुता धुता चिरंजिवांना एका चाकाच्या रिमला बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर दिसली. मोटारीत नात बसणार होती. त्यामुळे "चालेल एवढी खेप" असे कोणीच म्हटले नाही.

"दोन्ही बदलून टाकू, बाबा. ही बघा, पंधरा इंची, ॲल्युमिनियमची. काय दिसतायत!"

दिसत होती खरी. पण ट्रेलरची चाके चौदा इंची. मी उभी हयात एका कारखान्याच्या भांडारात काढलेली. माप घेतल्याखेरीज मागणीपत्रावर सही करायची नाही, ही तिथली सवय. चाक निवडणे हे लग्न जमवण्यासारखेच असते. रूप पाहून भागत नाही, पत्रिका पाहावी लागते.

पत्रिकेत आठ गुणांची नाड, तसे चाकात बोल्टचे वर्तुळ. आमच्या चाकाला पाच भोके. पण पाच भोके म्हणजे जुळले, असे नव्हे. ती ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास कुठे साडेचार इंच, कुठे पावणेपाच, कुठे पाच. शिवाय पाच भोकांत समोरासमोर कोणीच नसते, त्यामुळे व्यास सरळ मोजता येत नाही. एका भोकाच्या मध्यापासून, शेजारचे सोडून, पलीकडच्या भोकाच्या बाहेरल्या कडेपर्यंत फूटपट्टी धरायची. उत्तर जवळपास बरोबर येते. आमचे साडेचार आले. पाव इंचाच्या फरकाचे चाक नट आवळून बळेच बसवणारे बहाद्दरही असतात, पण तो संसार रस्त्यात मोडायचा.

मग मोटारीचेच जुने चाक का चालू नये? भोके जुळतातही कधीकधी. पण मोटारीच्या चाकाची बैठक वेगळी असते. ट्रेलरला लावले तर टायर आत सरकून सांगाड्याला घासू शकतो. आणि भार सोसायची ताकद रिमच्या पाठीवर कोरलेली असते, ती वाचावी लागते.

पंधरा इंची चाकांचे म्हणाल, तर त्याच रुंदीच्या टायरसह त्यांचा व्यास सुमारे इंचभर वाढतो, म्हणजे वर अर्धा इंच जागा जाते. खड्ड्यात पाटे दबले की टायर वरच्या पत्र्याला भिडणार. आमच्याकडे तेवढी जागा नव्हती. चिरंजीव तासभर हिरमुसले होते.

टायर तर दिसायला नवे कोरे! नक्षी जशीच्या तशी. पण ट्रेलर वर्षातले दहा महिने उभा. त्याचा टायर झिजून नव्हे, म्हातारा होऊन मरतो. जन्मतारीख अंगावरच असते: शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमचे होते २३१४. म्हणजे २०१४ सालच्या जूनमधला जन्म!

त्याच अंगावर मापाच्या आधी दोन अक्षरे होती: एस.टी. मला हसू आवरेना. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर जी पहिली गाडी धावली, तिच्याशिवाय दुसरी एस.टी. मराठी माणसाला कशी सुचावी? इथे त्याचा अर्थ 'खास ट्रेलरसाठी'. ओझे वाहायला घडवलेला टायर. पुष्कळांना ताशी ६५ मैलांची मर्यादा.

आता भार. कण्याची पाटी सांगत होती ३,५०० पौंड. जुने टायर 'सी' वर्गाचे, प्रत्येकी १,७६० पौंडांचे. दोन मिळून ३,५२०. बेरीज जमली म्हणून चिरंजीव खूश. मी म्हटले, "अरे, बेरीज रस्त्यावर धावत नाही. एकेक चाक तोलून बघ." सगळे सामान भरून, त्याच चाकांवर जपून, जवळच्या काट्यावर नेले. एकूण ३,३८०. पण एका चाकावर १,५९० आणि स्वयंपाकघराच्या बाजूला, म्हणजे चीर गेलेल्या चाकावर, १,७९०!

घरात शांतता पसरली. त्या बाजूला कणीक, तांदूळ, दोन कुकर, लोणच्याच्या बरण्या आणि भरलेली पाण्याची टाकी. पाण्याचा एक गॅलन म्हणजे आठ पौंडांहून थोडे अधिक. टाकी मुक्कामावर भरायची ठरले. कणीक-तांदूळ पलीकडच्या कपाटात गेले. कुकरबद्दल बरीच वाटाघाट झाली. शेवटी एक घरी राहिला. आमच्या मंडळी दोन दिवस माझ्याशी बेताचेच बोलल्या.

चाके घेतली ती साधी पोलादी, चौदा इंची, भक्कम रिमची. टायर 'डी' वर्गाचे, ६५ पौंड दाबाला प्रत्येकी २,०४० पौंड सोसणारे. टायरची ताकद वाढली म्हणून कण्याची वाढत नाही, हे मी दोनदा बजावले. सुटे चाकही तसलेच घेतले.

नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकृतीत आवळायचे आणि पहिल्या पन्नास मैलांत थांबून पुन्हा तपासायचे. ते काम टॉर्क रेंचसह चिरंजिवांचे, मोजणी नातीची. पन्नासाव्या मैलावर थांबलो. नऊ नट जागचे हलले नाहीत. दहाव्याने पाव वेढा घेतला. नातीने वहीत खूण केली आणि आम्ही पुलाच्या दिशेने निघालो.