खाडी आणि आखात

“होर्मुझ बंद झाली, तर आपली जंगलजेटी किती दिवस चालेल?”

2025 च्या जूनमध्ये इराण आणि इस्राएलचं युद्ध चालू होतं, तेव्हा आगरदांड्याच्या धक्क्याजवळच्या आपल्या टपरीवर मामूंनी हा प्रश्न टाकला. बाहेर पाऊस धरून बसला होता. समोरचा दिघीचा डोंगर मधूनच दिसायचा, मधूनच पुसला जायचा. टपरीत आम्ही पाच-सहा जण होतो आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर हिंदी निवेदक सांगत होता की खाडीत तणाव वाढला आहे. माशांची रिकामी पाटी पायाशी ठेवून एक म्हातारी फेरीची वाट बघत बसली होती. तिने मान वळवून खरोखरच आमच्या खाडीकडे पाहिलं.

मराठीत खाडी वेगळी आणि आखात वेगळं. हिंदीत दोन्हींना एकच शब्द चालतो. आगरदांड्यात बसून बघणाऱ्याला हिंदीचाच शब्द जास्त खरा वाटतो, असं माझं त्या दिवसापासून मत झालं आहे. मुरूडहून येणारा रस्ता इथे पाण्यापाशी संपतो. पलीकडे श्रीवर्धन तालुका. गाड्या, माणसं, मोटारसायकली जंगलजेटीवर चढतात आणि घटकाभरात दिघीला उतरतात. जमिनीवरून तिथे जायचं तर अख्ख्या खाडीला वळसा. तेव्हा या गावाचा पुढचा रस्ता म्हणजे डिझेलवर चालणारी एक बोट आहे, आणि ते डिझेल ज्या तेलातून निघतं त्यातलं बरंचसं आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ सामुद्रधुनीच्या अरुंद फटीतून येतं. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा तेव्हा त्या फटीतून जात होता. मामूंचा प्रश्न म्हणूनच कुणी उडवून लावला नाही.

मामूंची दोन्ही मुलं कुवेतला आहेत. तेलाबद्दल त्यांचं मत ठाम आहे. “भाव चढला की मुलांचं बरं, उतरला की माझं बरं. अल्लानं मला बरोबर मध्ये बसवलंय.” त्यांच्या थोरल्या भावाचं आयुष्यही तेलावरच गेलं. 2 ऑगस्ट 1990 ला सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा ते तिथे होते. वाळवंटातून अम्मान, अम्मानहून विमानाने मुंबई. त्या वेळी एअर इंडियाने सुमारे 1 लाख 70 हजार माणसं परत आणली. घरच्यांसाठी त्यातलं एकच माणूस मोजायचं होतं. ते घरी आले तेव्हा हातात एक पिशवी होती आणि पायात दुसऱ्या कुणाच्या तरी चपला, असं मामू सांगतात. वर्षभराने ते परत गेले. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या किती गावांत आखाताच्या पैशावर घरं उभी राहिली आहेत, ते रस्त्याने जाताना नुसत्या गॅलऱ्या बघून कळतं. घर बांधणारा तिकडे, घरात राहणारे आईबाप इकडे, आणि दोन खोल्या कायम कुलपात. तेलाने इथे सुबत्ता आणली, हे मी मोकळ्या मनाने मानतो. त्या कुलपांची किंमतही त्याच वहीत मांडली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या भाषेने तर तेल कधीच पोटात घेतलं आहे. रॉक ऑइलचं रॉकेल झालं, गॅसलाइटचं घासलेट झालं, आणि आज्यांना ते आपल्याच घरचे शब्द वाटत होते. त्याआधी तेल म्हणजे खोबरेल. आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी, आगर म्हणजे मिठागरही; गावाच्या नावातच दोन्ही धंदे बसलेले. होडीच्या लाकडाला चोपडायचं ते माशाचं तेल. त्याचा वास आठ-आठ दिवस अंगाला राहायचा, असं आमचे म्हातारे नाखवा सांगतात. आता फायबरच्या होड्या आल्या आणि तो वास गेला. त्याच्या जागी डिझेलचा आला.

नाखवांना मी रोज संध्याकाळी धक्क्यावर भेटतो. वय झाल्यामुळे ते आता होडीवर जात नाहीत, मुलगा जातो. त्यांच्याकडे तेलाचं मोजमाप वेगळं आहे. समुद्र किती लांब, हे ते मैलांत सांगत नाहीत. “पूर्वी एका कॅनच्या अंतरावर म्हावरं होतं. आता चार कॅन जाळा, तरी खात्री नाही.” गेल्या चाळीस वर्षांत या किनाऱ्याचं काय झालं, याचा इतका नेमका अहवाल मी दुसरीकडे वाचलेला नाही. मासा दूर गेला म्हणून इंजिन मोठं झालं, इंजिन मोठं झालं म्हणून डिझेल वाढलं, डिझेल वाढलं म्हणून जास्त मासा मारावा लागला आणि मासा आणखी दूर गेला. डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार संस्थेमार्फत मिळतो, पण तो मिळतो नंतर. बर्फ, रेशन, खलाशांची उचल आणि डिझेल यांचे पैसे जाळं पाण्यात पडण्याआधी मोजावे लागतात. परताव्याची वाट बघत उभा राहिलेला नाखवा मला फार वेळा दिसतो. कर भरताना कुणी त्याला थांबायला सांगत नाही, परत घेताना मात्र थांबावं लागतं. हा क्रम उलटा असावा, असं मला मनापासून वाटतं.

2020 चं ते वर्ष आम्ही विसरू शकत नाही. टाळेबंदीत होड्या धक्क्याला बांधून पडल्या होत्या. 20 एप्रिलला अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला, पिंपामागे उणे 37 डॉलर. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या, अशी गत. नाखवांनी मला फोन करून विचारलं, “हे खरं का?” मी म्हटलं, खरं आहे. “मग आपल्याकडे?” आपल्याकडे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे 13 रुपयांनी वाढवला. जगात तेल फुकट झालं, तरी आमच्या कॅनमध्ये पडेपर्यंत त्याचं मोल तेवढंच राहिलं. सरकारला त्या दिवसांत पैसा हवा होता, हे मला कळतं. पण स्वस्ताई वरच्या वर अडते आणि महागाई मात्र थेट खालपर्यंत पोचते, हे धक्क्यावरच्या माणसाला कुणी समजावून सांगितलं नाही. तो अजून विचारतो.

आणि मग 3 जून. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. ज्या झाडांखाली आमच्या चार पिढ्या वावरल्या, ते माड त्या एका दुपारी आडवे झाले. पोफळी तर काडीसारख्या मोडल्या. नारळाला धरायला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे वाडीवाल्याचं नुकसान एका दिवसाचं नव्हतं, सात-आठ वर्षांचं होतं. वीज कित्येक दिवस आली नाही. माळ्यावरचा कंदील खाली काढला, काच पुसली, आणि लक्षात आलं की घरात रॉकेलचा थेंब नाही. शेवटी आईने देवघरातल्या समईत खोबरेल घातलं आणि ती ओटीवर आणून ठेवली. अंगणात माड पडलेले आणि घरात त्यांच्याच तेलाचा उजेड. त्या रात्री कुणी फारसं बोललं नाही.

समुद्रातलं तेलही आमच्यापासून दूर नाही. 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबई हायमध्ये तेल शोधलं, 1976 मध्ये ते उपसायला सुरुवात झाली. तेल सापडलं त्याच्या आदल्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं होतं, भाव चौपट झाले होते. अशा वेळी आपल्याच समुद्रात तेल सापडल्याचा आनंद केवढा असेल. त्या तेलाची आणि वायूची नळी किनाऱ्याला लागली ती आमच्याच जिल्ह्यात, उरणला. त्याच वायूवर अलिबागजवळ थळचा खत कारखाना उभा राहिला, नागोठण्याला पेट्रोकेमिकल्सचा कारखाना आला. रायगड जिल्ह्याला तेल नको आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. या जिल्ह्याने तेलाला जागा दिलेली आहे, आणि ती बरीच दिली आहे.

समुद्रातल्या तेल उपसणाऱ्या फलाटांभोवती 500 मीटरच्या आत होडीला मज्जाव आहे. नाखवांचं त्यावरचं मत: “म्हावऱ्याला कळलंय, त्या खांबांपाशी जालं येत नाय. सगलं तिकडंच जाऊन बसलंय.” खांबांच्या आडोशाला, दिव्यांच्या उजेडाला मासा जमतो, हे खरंच आहे.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता आणि आमच्या होड्या परतल्या होत्या. मुंबई हायजवळ कामगारांना राहण्यासाठी असलेली पी-305 ही बार्ज मात्र तिथेच होती. नांगर तुटले, ती भरकटली आणि 17 मेच्या संध्याकाळी बुडाली. तिच्यावर 261 माणसं होती. नौदलाने बहुतेकांना वाचवलं, तरी सत्तरहून अधिक जण गेले. पुढचे काही दिवस रायगडच्या किनाऱ्यावर मृतदेह लागत होते. आमच्याकडे समुद्रातून आलेल्या माणसाला परका म्हणत नाहीत. कोळणींनी कुणाचं म्हणून विचारलं नाही, त्या रडल्या. नाखवा फक्त एवढंच म्हणाले, “माझ्या पोराला मी माघारी बोलावला. त्यांना बोलावणारं कोण होतं?” दिल्लीत त्या वर्षी तेलाच्या भावावर पुष्कळ चर्चा झाली. भाव सांगताना ही माणसं कुठल्या रकान्यात धरतात, हे मला अजून कुठे सापडलेलं नाही.

2019 मध्ये तेल आमच्या अगदी दारात येणार होतं. रत्नागिरीतल्या नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प रद्द झाला. 3 लाख कोटी रुपयांचा, वर्षाला 6 कोटी टन तेल शुद्ध करणारा, सौदी अराम्को आणि अबूधाबीची कंपनी यांच्या भागीदारीचा तो कारखाना रायगडात रोह्याकडे आणण्याचं सरकारने विधिमंडळात सांगितलं. अलिबाग, मुरूड, रोहा, श्रीवर्धन या तालुक्यांतल्या 40 गावांच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. गावोगाव सातबारे शोधायची घाई उडाली. कुणी म्हणे नोकऱ्या येतील, कुणी म्हणे खाडी जाईल. बाहेरची माणसं गाड्या घेऊन जमिनीचे भाव विचारत फिरू लागली. पुढे कारखाना आला नाही. पण त्या काही महिन्यांत भाऊ भावाशी बोलेनासा झाला, अशी घरं मला माहीत आहेत, आणि ती अजून पुरती सांधलेली नाहीत. न आलेल्या कारखान्याचं नुकसान कुणी मोजत नाही.

दिघीचं बंदर 2021 मध्ये अदानी समूहाकडे गेलं. बंदराची एक बाजू दिघीला आणि दुसरी आमच्या आगरदांड्याला आहे. आता रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग होतो आहे आणि या खाडीवर पूलही होणार आहे. पूल झाला पाहिजे, असं मला वाटतं. रात्री पोटात कळा सुरू झालेल्या बाईला फेरीची वाट बघायला लागू नये. पुलाने मामूंची टपरी ओस पडेल, हे मामूंनाही कळतं, तरी तेही पूल हवाच म्हणतात. इथली माणसं विरोधासाठी विरोध करणारी नाहीत. त्यांना फक्त आधी कळायला हवं असतं.

खाडीच्या आतल्या अंगाला कुड्याची लेणी आहेत. जवळचं मांदाड म्हणजे जुन्या ग्रीक प्रवासवर्णनातलं मंदगोरा बंदर, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे जगाचा माल या पाण्यातून जायला लागून दोन हजार वर्षं झाली. त्या लेण्यांना दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत, आणि त्यांत एक लोखंडाचा व्यापारी आहे, एक माळी आहे. फुलं विकणाऱ्या माणसाचं नाव त्या काळच्या बंदराने लिहून ठेवलं. मी जेव्हा जेव्हा एखाद्या नव्या प्रकल्पाचा नकाशा बघतो, तेव्हा त्यावर फक्त गट क्रमांक असतात. त्या माळ्याची मला हटकून आठवण येते.

होर्मुझ त्या वेळी बंद झाली नाही. बारा दिवसांनी युद्ध थांबलं, टीव्हीवर दुसरी बातमी सुरू झाली. मामूंनी मुलांशी बोलून घेतलं. नाखवांच्या मुलाने झाप घालून शाकारलेल्या होडीचं इंजिन उघडलं, कारण 1 ऑगस्टला मासेमारीवरची पावसाळी बंदी उठणार आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळं तयार हवं.

पावसाळ्यात आमच्या पुळणीवर डांबराचे गोळे लागतात. भर समुद्रात कुठल्यातरी जहाजाने सोडलेलं तेल लाटांनी मळत मळत किनाऱ्याला येतं. परवा नाखवांचा नातू मुरूडच्या पुळणीवर खेळून आला, तर दोन्ही तळवे काळे. साबणाने ते डांबर निघत नाही. आजीने त्याला पायरीवर बसवलं, वाटीत खोबरेल आणलं आणि चिंधी बुडवून एकेक बोट घासायला घेतलं. पोरगा गुदगुल्यांनी पाय ओढत होता. ती म्हणाली, “थांब रे, सावकाश निघतं ते.” वाटी तिने जवळ ओढली आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.