दोनदाच टिक-टिक!

मुलांनो, गाडी सुरू होत नसली की मोठी माणसं काय करतात, पाहिलंय? किल्ली फिरवतात, परत फिरवतात, बॅटरी बसेपर्यंत फिरवतच राहतात. मग कुणीतरी म्हणतं, "कार्ब्युरेटर गेला असेल." एका लाल स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे 'असेल' फार महाग पडणार होतं.

गाडी एम.जी.बी. दोघांपुरती, उघड्या टपाची, १७९८ सी.सी.ची. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या बनल्या. मी इंग्लंडमध्येच राहतो आणि ही गाडी आमच्या शेजारच्या आजोबांची. ते आजारी पडले आणि गाडी दोन वर्षं गॅरेजमध्ये उभी राहिली. मेकॅनिकनं सांगितलं, दोन्ही कार्ब्युरेटर बदला. एवढा खर्च झेपेना, म्हणून आजोबा ती विकायलाच निघाले होते.

इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी हवी. आम्ही स्पार्क प्लग काढून पाहिले. ठिणगी छान पडत होती, पण प्लग अगदी कोरडे! पेट्रोल जास्त झालं असतं तर ते ओले निघाले असते, भपकन वास आला असता. म्हणजे पेट्रोल तिथवर पोचतच नव्हतं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलेलं होतं, तेव्हा तो संशय आधीच मिटला होता.

आता पेट्रोलचा रस्ता बघा. टाकी मागे. तिच्याजवळ विजेवर चालणारा पंप. तिथून गाडीच्या पोटाखालून धातूची नळी, पुढे वीतभर रबरी नळी आणि मग कार्ब्युरेटर. प्रत्येक कार्ब्युरेटरला एक छोटी वाटी असते. घराच्या पाण्याच्या टाकीत तरंगता चेंडू असतो ना, तसाच इथे फ्लोट. वाटी भरली की तो वर येतो आणि पेट्रोल बंद करतो.

या पंपाची गंमत म्हणजे तो बोलतो. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली, की टिक-टिक-टिक सुरू. वाट्या भरल्या की गप्प. मुळीच वाजला नाही, तर पंप बिघडलाय किंवा वीज येत नाही. थांबेचना, तर कुठेतरी गळतंय किंवा तो हवा ओढतोय.

सुट्टीत आलेली माझी भाची मागच्या चाकापाशी कान देऊन बसली. मी किल्ली फिरवली.

"मामा, दोनदाच वाजला!"

दोनदाच? दोन वर्षांत वाट्यांमधलं पेट्रोल उडून गेलेलं. रिकाम्या वाट्या भरायला कितीतरी टिक-टिक लागायला हवी. पंप ढकलत होता, पण पेट्रोलला पुढे जायला वाटच नव्हती.

पुढचं काम मोठ्यांचं. पेट्रोलची वाफ एका ठिणगीनं भडकते, म्हणून भाचीला बाहेर उभं केलं, दार सताड उघडं ठेवलं, आग विझवायचं नळकांडं हाताशी घेतलं. तुम्ही हे एकट्यानं करू नका हं! कार्ब्युरेटरपाशी रबरी नळी सोडवून बाटलीत धरली. थेंब नाही. मग तिचं दुसरं टोक धातूच्या नळीपासून सोडवलं आणि बाटली तिथे धरली. पेट्रोल भळाभळा आलं!

चोर सापडला. नळी बाहेरून नव्यासारखी दिसत होती. उभी चिरली, तर आतलं रबर फुगून त्याचं सालपट सुटलेलं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही.

नवी नळी थोडक्या पैशांत मिळाली. किल्ली फिरवल्यावर पंप बराच वेळ वाजला, मंदावला, थांबला. चोक ओढला, तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन धडधडलं. आजोबांनी लगेच ते बंद केलं. टाकीजवळ त्याच वयाची आणखी एक रबरी नळी होती, ती बदलल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढायला ते तयार नव्हते.