पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी

२८ ऑक्टोबर २०११, भाऊबीज. निरांजन लावून झालं होतं आणि माझा मामेभाऊ पाटावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. संध्याकाळची झेलम एक्सप्रेस गाठायची होती. रविवारी, ३० तारखेला, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात पहिली इंडियन ग्रां प्री होणार होती. शनिवारची पात्रता फेरी भाऊबीजेपायी हुकणार होती, पण त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. ओवाळून झाल्यावर त्याने तबकात एक पाकीट ठेवलं. म्हणाला, "ताई, यंदाची ओवाळणी म्हणजे तिकीट. चल."

तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि चाकणला एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करायचा. फॉर्म्युला वन तो शाळेपासून टीव्हीवर बघत आलेला. २००५ साली नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या गाडीत बसला आणि पहिला भारतीय फॉर्म्युला वन चालक झाला, तेव्हा त्याने वर्गात पेढे वाटले होते. त्याच्यासोबत निघालेले तिघे मित्रही कारखान्यांतलेच. एक गिअर कापणारा, एक पेंटशॉपमधला, एक मोटारसायकलींची चाचणी घेणारा. ज्यांचे हात दिवसभर गाड्यांच्या सुट्या भागांवर फिरतात, त्यांना जगातली सगळ्यात काटेकोर गाडी डोळ्यांनी बघायची होती. झाशीच्या आसपास मोबाइलला रेंज आली आणि मेसेज पडला : व्हेटेल पोलवर. चौघांनी बर्थवर उड्या मारल्या. समोरच्या आजोबांनी कोण पास झालं म्हणून विचारलं.

ट्रॅकचं नाव बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. हर्मन टिल्के या जर्मन रचनाकाराने तो आखला होता : ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं, शर्यत ६० फेऱ्यांची. सगळ्यात स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचं आणि महागातलं ३५,०००चं. आमची स्वस्तातली होती. बाहेर धूळ, यमुना एक्स्प्रेस-वेच्या बाजूला अर्धवट बांधकामं, हवेत दिवाळीनंतरचा धुरकट पडदा. शुक्रवारी सरावाच्या वेळी ट्रॅकवर एक कुत्रा शिरला होता आणि सराव थांबवावा लागला होता. परदेशी वार्ताहरांनी त्याच्यावर बरंच लिहिलं. या चौघांना ते फार लागलं. घरी पाहुणे यायचे आणि नेमका तेव्हाच नळ गळायला लागावा, तसं त्यांना झालं होतं.

शर्यतीआधी एक मिनिट शांतता पाळली गेली. त्याच महिन्यात डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोन्चेली हे दोन शर्यतपटू अपघातात गेले होते. पंचाण्णव हजारांच्या आसपास माणसं आणि एकाचाही आवाज नाही. मला या खेळातलं काही कळत नव्हतं, पण ती शांतता कळली.

आणि मग आवाज. २.४ लिटरची आठ सिलिंडरची इंजिनं, मिनिटाला १८,००० फेरे. मामेभावाने कानात घालायचे बोळे मला दिले आणि स्वतः मोकळ्या कानांनी उभा राहिला. हा आवाज आधी बरगड्यांना लागतो आणि मग कानाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

सेबॅस्टियन व्हेटेल पहिल्या फेरीपासून पुढे होता तो शेवटपर्यंत पुढेच राहिला. मागे मासा आणि हॅमिल्टन एकमेकांवर आदळले. पण आमच्या स्टँडमधली माणसं उभी राहत होती ती पहिल्या गाडीसाठी नव्हे. कार्तिकेयनची एचआरटी संघाची गाडी फेऱ्यांनी मागे पडलेली होती, आणि ती समोरून गेली की प्रत्येक वेळी अख्खी रांग उठायची. तो सतरावा आला. सचिन तेंडुलकरने चौकटीचा झेंडा हलवला तेव्हा जो गलका झाला, तो मुंबईच्या मैदानांवरून ओळखीचा होता. व्हेटेलची त्या शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांची. हा आकडा मामेभावाने तिकिटाच्या मागे लिहून ठेवला.

२०१२ साली तो मित्रांबरोबर गेला. मी नव्हते. परत आल्यावर म्हणाला, या वेळी स्वच्छतागृहं बरी होती, बस वेळेवर होत्या, गर्दी मात्र कमी. पासष्ट हजारांच्या घरातले आकडे छापून आले होते. व्हेटेलच जिंकला. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या रस्त्यावर मॅक्लारेन पळवली गेली होती. ते बघायलाही हे चौघे पहाटेच्या गाडीने गेले होते. शर्यत आता आपल्याकडे रुळली, दर दिवाळीच्या मागेपुढे ती येणार, असं त्यांनी धरूनच चाललं होतं. करार पाच वर्षांचा होता. घरातला सण जसा गृहीत धरतात, तसा त्यांनी तो धरला होता.

२०१३च्या जुलैअखेरीस बातमी आली. फॉर्म्युला वनचे सर्वेसर्वा बर्नी एकलस्टन यांनी सांगितलं की २०१४च्या वेळापत्रकात भारत नसेल. वर्षाच्या शेवटी होणारी शर्यत वर्षाच्या सुरुवातीला न्यायची आहे, म्हणून मधलं एक वर्ष गाळायचं आणि २०१५ला पुन्हा.

ही बातमी चौघांनी चार तऱ्हांनी घेतली. गिअरवाल्याने ठरवलं, हे खरंच आहे, एकच वर्षाचा प्रश्न. पेंटशॉपवाला संतापला आणि सरकारला बोल लावत बसला. तिसरा काही न बोलता सिंगापूरच्या विमानाचं भाडं बघायला लागला. मामेभावाने जुनी कात्रणं काढली. करांचं भांडण पहिल्या दिवसापासून चालू होतं. उत्तर प्रदेशात हा खेळ की करमणूक, असा वाद होता. करमणूक म्हटली की तिकिटावर करमणूक कर लागतो. २०११च्या शर्यतीआधीच सर्वोच्च न्यायालयाने तिकीटविक्रीतला चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितलं होतं. शिवाय गाड्या, इंजिनं आणि टायर देशात आणताना सीमाशुल्काचा प्रश्न, आणि फॉर्म्युला वन कंपनीच्या इथल्या कमाईवर आयकर किती याचा. यजमानाला शर्यत भरवण्याचं भलंमोठं शुल्क दरवर्षी मोजावं लागतं आणि हाती येतं ते मुख्यतः तिकिटांचं उत्पन्न. गर्दी घटली की हा हिशेब बसत नाही. टूलरूममधल्या माणसाला मापात न बसणारी वस्तू पटकन ओळखू येते. "ताई, हे पुन्हा नाही होणार," तो म्हणाला. आणि ऑक्टोबरसाठी मुख्य स्टँडची दोन तिकिटं काढली. किती पडले ते त्याने मामीला सांगितलं नाही, मलाही नाही.

त्या आठवड्यात तर ही शर्यतही होते की नाही अशी धाकधूक होती. थकलेल्या करावरून ती थांबवावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. अखेर झाली. २७ ऑक्टोबर २०१३. दिवाळी एका आठवड्यावर होती, म्हणून मामीने चिवडा आणि शंकरपाळ्यांचा डबा बरोबर दिला होता. शेजारी चेन्नईचे एक काका बसले होते. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या त्या काळापासून ते मोटारी बघत आले होते. शंकरपाळा तोंडात टाकून ते मामेभावाला इंग्रजीत म्हणाले की आयुष्यभर वाट बघितली, तीन वर्षं मिळाली. त्यांच्या सुरात तक्रार नव्हती. ते मोजत होते.

त्या मोसमात मॉन्झाला आणि सिंगापूरला व्हेटेलची हुर्यो उडवली गेली होती. सारखा तोच जिंकतो म्हणून. इथे कुणी तसं केलं नाही. तिसऱ्यांदा तोच जिंकला, आणि सव्विसाव्या वर्षी सलग चौथं जगज्जेतेपद त्याने याच ट्रॅकवर पक्कं केलं. ग्रोजाँ सतराव्या जागेवरून सुरू करून तिसरा आला, हे मामेभाऊ आजही आधी सांगतो. शर्यत संपल्यावर व्हेटेलने गाडी नेमाच्या ठिकाणी नेली नाही. मुख्य स्टँडसमोर, आमच्यासमोर, त्याने ती जागच्या जागी गरागरा फिरवली. रबराचा पांढरा धूर आमच्यापर्यंत आला. मग बाहेर उतरून गाडीपुढे गुडघे टेकून नमस्कार केला, जाळीकडे धावत आला आणि हातमोजे गर्दीत फेकले. याबद्दल त्याला समज मिळाली आणि संघाला २५,००० युरो दंड झाला. स्टँडमध्ये माणसं रडत होती, आणि ती का रडताहेत हे जगाला वाटलं त्याहून वेगळं होतं. टीव्हीवर तो चौथ्या जगज्जेतेपदाचा जल्लोष होता. इथल्या माणसांनी त्यालाच निरोप मानलं, कारण दुसरा कुठला निरोप कुणी दिलाच नाही.

मला बोचतं ते हेच. मलेशियाच्या सेपांगला १९९९पासून शर्यत होत होती. २०१७च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं की यंदाची शेवटची, आणि १ ऑक्टोबरला लोक ती शेवटची आहे हे जाणून गेले. विसावा वाढदिवस आदल्या दिवशी साजरा केलेला व्हर्स्टॅपन जिंकला. दुःख झालं, पण त्याला तारीख होती. आमच्या माणसांना सांगितलं गेलं की पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी. २०१५ आलं आणि काही झालं नाही. मग २०१६. दर हिवाळ्यात पुढच्या मोसमाचं वेळापत्रक आलं की मामेभाऊ ते वरून खाली वाचायचा. रशिया होता, अझरबैजान आला, मग सौदी अरेबिया. अमुक तारखेला शर्यत गेली, असं म्हणायला दिवसच नव्हता. घरातून निघून गेलेल्या माणसासारखं ते होतं. दार लावायचं की उघडं ठेवायचं, कळत नाही.

२०१४ची भाऊबीज २५ ऑक्टोबरला होती. तो आला, बसला, मी ओवाळलं. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. चहा दोनदा झाला तरी उठला नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनातून जात नव्हती, आणि ती कारखान्यातल्या माणसालाच सुचावी. २०१४पासून फॉर्म्युला वनमध्ये १.६ लिटरची सहा सिलिंडरची टर्बो संकरित इंजिनं आली. जुना आवाज जगभरच संपला. म्हणजे बुद्ध सर्किटवर शर्यत झाली ती फक्त त्या जुन्या इंजिनांची. इतर देशांत नवा आवाज जुन्यावर चढत गेला. इथे त्यावर काही चढलंच नाही, असं तो म्हणायचा.

२०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करांच्या एका दाव्यात निकाल दिला की या ट्रॅकवर फॉर्म्युला वन कंपनीची 'स्थायी आस्थापना' होती, म्हणून इथल्या कमाईवर इथे कर लागतो. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असणार. मामेभावाने वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि 'स्थायी' हा शब्द दोनदा उच्चारला. त्याच्या पुढच्या वर्षी फोर्स इंडिया हा संघही दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि त्याचं नाव पुसलं गेलं. मात्र २०११ला याच संघाने घेतलेल्या हुन्नरशोधातून निवडला गेलेला मुंबईचा जेहान दारूवाला तोवर युरोपात शर्यती जिंकू लागला होता. त्याच्या निकालांचे मेसेज अजूनही चौघांच्या ग्रुपवर सगळ्यात आधी पडतात.

चाहते थांबले नाहीत, उलट वाढले. नेटफ्लिक्सवर २०१९पासून आलेल्या मालिकेने कॉलेजातली मुलं आणि मुली या खेळाकडे वळवल्या. त्यांनी आपल्या देशातली शर्यत कधी पाहिलेलीच नाही. माझी भाची सोळा वर्षांची आहे. तिला टायरच्या डावपेचांतलं मामापेक्षा जास्त कळतं, आणि तिच्यासाठी शर्यत म्हणजे अबूधाबी, सिंगापूर. नोएडा हे तिला मामाचं जुनं गाव वाटतं.

मग २०२३ साली एकदम दोन आशा. ११ फेब्रुवारीला हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई, आणि सप्टेंबरात बुद्ध सर्किटवर मोटारसायकलींची मोटोजीपी. गौरी-गणपतीचं विसर्जन २३ला होतं. बाप्पाला निरोप देऊन मामेभावाने ओल्या पायांनी विमानतळ गाठला. २४ तारखेला उकाडा इतका होता की शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली. मार्को बेत्सेक्की जिंकला. पण २०२४च्या जानेवारीत हैदराबादची दुसरी शर्यत रद्द झाली, आणि मोटोजीपी आधी पुढे ढकलली गेली, नंतर यादीतून गेली. पुढे ढकलली, हा शब्द ऐकल्यावर चौघांच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.

नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला १९८५नंतर थेट २०२१ला शर्यत परतली. छत्तीस वर्षं. मामेभावाने तेवढीच २०१३मध्ये मिळवली आणि मला फोन केला. "ताई, तेव्हा मी बासष्टचा असेन. जमेल."

बुद्ध सर्किटवर तो स्वतः एकदाच उतरला, २०१८च्या हिवाळ्यात. सर्वसामान्यांना पैसे भरून आपली गाडी चालवता येते अशा दिवशी. पुण्याहून दोन दिवस गाडी हाकत तो आणि मी गेलो. सकाळच्या सूचना चालू असताना त्याने ट्रॅकवरच्या अधिकाऱ्याला विचारलं, मुख्य स्टँडसमोर अर्धा मिनिट थांबलो तर चालेल का. अधिकारी त्याच्याच वयाचा होता. कुठली जागा, हे त्याला सांगावं लागलं नाही. तो हळू म्हणाला, "भाईसाहब, वहाँ रुकना तो उसको भी मना था."

मी पिटलेनच्या भिंतीशी घड्याळ घेऊन उभी होते. त्याच्या स्विफ्टला एक फेरी पुरी करायला पावणेतीन मिनिटं लागली. शेवटच्या फेरीत, सरळ रस्त्यावर येताना, त्याने वेग कमी केला. गाडी थांबली नाही. हेल्मेट घातलेलं डोकं तेवढं डावीकडून उजवीकडे हळूहळू वळत गेलं, रिकाम्या स्टँडच्या बाराव्या रांगेवरून, जिथे त्या दिवशी आम्ही दोघं आणि चेन्नईचे काका शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो.