आजोबांचा भूतकाळ

रोमानियन शिकताना मला सगळ्यात जास्त दमवलं ते भूतकाळानं. मुलगा क्लुजला, सून तिकडची आणि नात आईच्या भाषेत बोलणारी. म्हणून शिरवळच्या घरात बसून साठीनंतर ही खटपट.

पहिलं रूप सोपं. ‘आम स्क्रिस’, मी लिहिलं. पत्र लिहिलं काय नि चिठ्ठी लिहिली काय, ‘स्क्रिस’ तसंच राहतं. आपल्याकडं कर्माचं लिंग बघून क्रियापद वळतं, हे जन्मभर मराठी बोलूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ओल्तेनिया प्रांतात त्याच दिवशी नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठी आणखी एक, एकशब्दी रूप बोलतात. ते मी सोडूनच दिलं.

अडलं ते अपूर्ण भूतकाळापाशी. हे गेले त्याला ४ वर्षं झाली, नातीनं त्यांना पाहिलेलं नाही. ‘बुनिकुल आ स्पूस’ म्हटलं, की आजोबा एकदा म्हणाले आणि संपलं. ‘बुनिकुल स्पुनेआ’ म्हटलं, की आजोबा म्हणत, म्हणायचे, म्हणत होते; तिन्ही त्या एकाच रूपात. आपला रीतिभूतकाळ, ‘राजा म्हणे’, ‘राणी जाई’, आता गोष्टींपुरताच उरलाय. तिकडं मात्र तो बाजारातही चालतो.

परवा फोनवर मी तिला म्हटलं, ‘बुनिकुल कोंडुचेआ’, आजोबा गाडी चालवत. कोणती गाडी, तिनं विचारलं. एस.टी., शिरवळहून साताऱ्याला, खंबाटकी घाट चढून. घाटाला तिच्या भाषेत काय म्हणतात, ते मी सुनेला विचारून घेतलं.