कोपराला लावलेला गूळ

आमचे बिऱ्हाड कोपर येथे आहे असे सांगितले, की नवखा मनुष्य प्रथम आमच्या हाताकडे पाहतो. दिवा आणि डोंबिवली यांच्या मध्ये हे स्थानक आहे. मुख्य मार्गाच्या गाड्या येथे खालून जातात व दिवा–वसई मार्गाच्या वरून. हाताच्या कोपराशी या नावाचा काही संबंध असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु मराठी भाषेने कोपरास जो मान दिला आहे, त्याचा अनुभव येथे राहून पुरेपूर आला. कोणाचा कंटाळा आला की आपण त्यास कोपरापासून हात जोडतो. आणि जी वस्तू डोळ्यांसमोर असूनही कधी जिभेला लागावयाची नाही, तिची कोणी आशा दाखविली, तर त्याने कोपराला गूळ लावला असे म्हणतो. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस आमच्या घरी जो प्रसंग घडला, तो या दुसऱ्या प्रकारचा.

त्या रात्री आमच्या थोरल्या बंधूंचा नातू जेवावयास उठेना. वय वर्षे नऊ; अंगात नारिंगी सदरा; डोळे रडून लाल. चौकशी करता कळले, की मुंबईच्या ‘यू मुम्बा’ या कबड्डी संघाने आपला कर्णधार अनुप कुमार यास ठेवले नाही, आणि मुंबईतच झालेल्या लिलावात जयपूरच्या संघाने त्यास तीस लाख रुपयांस घेतले. त्याच लिलावात आमच्या मुंबईने इराणच्या फझल अत्राचलीसाठी एक कोटी रुपये मोजले होते.

ज्या वाचकांनी कबड्डी शेवटची पाहिली ती ‘हुतूतू’ या नावानेच, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०१४ साली या मातीतल्या खेळाची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. मातीच्या जागी गादी आली, चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आली, आणि गडी लिलावात विकले जाऊ लागले. अनुप हा मूळचा हरियाणाचा. परंतु त्याच पहिल्या वर्षापासून तो मुंबईचा कर्णधार होता. तो आरडाओरडा करीत नसे. समोर सात गडी दबा धरून उभे असता हा गृहस्थ सावकाश मध्यरेषा ओलांडी, पलीकडे पाय टाकून बोनसचा एक गुण घेई, आणि परत येई. २०१५ च्या अंतिम सामन्यात वरळी येथे मुंबईने बंगळूरूस ३६–३० असे हरविले, त्या संघाचा नायक तोच. पुढल्या वर्षी अहमदाबादेस भारताने इराणचा ३८–२९ असा पराभव करून विश्वचषक जिंकला, तेव्हाही कर्णधार तोच. पोराच्या कपाटावर त्याचे चित्र होते. ते त्या रात्री त्याने ओरबाडून काढले. “तो आता जयपूरचा झाला,” एवढेच तो म्हणाला.

आता वडीलधाऱ्या मनुष्याने अशा वेळी मुलाची समजूत घालावी. आम्ही तसे केले नाही. आम्हांसही राग आला होता, आणि आम्हांस राग आला की व्याख्यान सुचते. आम्ही त्यास कानडा देशातील वेन ग्रेट्स्की याची कथा सांगितली. बर्फावरच्या हॉकीत त्याच्या तोडीचा खेळाडू झाला नाही असे मानतात. एडमंटनच्या संघास त्याने चार वेळा विजेतेपद मिळवून दिले. आणि चौथ्या विजेतेपदानंतर थोड्याच महिन्यांत, ९ ऑगस्ट १९८८ रोजी, मालकाने त्यास लॉस एंजेलिसच्या संघास देऊन टाकले. मोबदल्यात काही खेळाडू आले आणि रोख दीड कोटी डॉलर. ते सांगताना ग्रेट्स्कीस सर्वांदेखत रडू कोसळले. पार्लमेंटच्या एका सभासदाने तर हा व्यवहार सरकारने थांबवावा अशी मागणी केली. “पाहा,” आम्ही त्या पोरास म्हणालो, “जगात सगळीकडे मालक असेच. आपण ज्याला आपला संघ म्हणतो, तो मुळी आपला नसतोच. तो कोपराला लावलेला गूळ. काढलेस ते चित्र, बरे केलेस.”

ग्रेट्स्की गेल्यावरही १९९० साली एडमंटनने पुन्हा विजेतेपद मिळविले, आणि ग्रेट्स्कीस मात्र ते पुढे कधीच लाभले नाही, हा कथेचा उत्तरार्ध आम्ही गाळला. व्याख्यानास तो सोयीचा नव्हता.

दादा इतका वेळ आपल्या नेहमीच्या खुर्चीत गुडघ्यास तेल चोळीत बसले होते. ते उठले, जमिनीवरचे चित्र त्यांनी उचलले, तळहाताने त्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या आणि नातवास म्हणाले, “त्याला तीस लाख मिळाले ना? मग झाले तर. चल, जेव.” पोर जेवले. रात्री गॅलरीत मात्र ते आम्हांस म्हणाले, “मालकावर रागवायला शिकव हवे तर. जाणाऱ्यावर कशाला? माझा बनियन मंडळाने मागून घेतला होता, आठवते? आणि पेढे परत कोणी आणले होते?”

पेढे परत आणले होते ते आम्हीच.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी शिमग्यात कबड्डीचे सामने होत. दादा हे आमच्या मंडळाचे चढाईचे गडी. त्यांच्या जिवावर मंडळाने तीन वर्षे ढाल आणली होती, आणि पंचक्रोशीत गावाची ओळख देवळाहून अधिक त्यांच्या नावाने सांगत. १९७९ साली मुंबईच्या एका कारखान्याच्या माणसाने त्यांचा खेळ पाहिला. त्या काळी रेल्वे, पोलीस, बँका, कारखाने असे सारेच आपापले संघ बाळगीत. ज्यास चढाई येई, त्यास नोकरी मिळे. महिन्याभरात दादांस पत्र आले. वडिलांनी पेढे वाटले. मंडळाच्या प्रमुखांकडे द्यावयाचा पुडा आमच्या हाती दिला. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. प्रमुख ओटीवरच होते. त्यांनी पुडा उघडलाही नाही. “तुमच्या घरचे गोड तुम्हीच खा,” ते म्हणाले, “आणि बनियन तेवढा पाठवून द्या. तो मंडळाचा आहे.”

दादांनी बनियन स्वतः धुतला, वाळविला, घडी घातली आणि आमच्याच हाती धाडला. दुसऱ्या दिवशी एस.टी.वर पोचवावयास घरच्यांखेरीज कोणी आले नाही. पुढल्या शिमग्यात गाव पहिल्याच फेरीत हरले, आणि त्याचा दोष बराच काळ आमच्या घरावर राहिला.

गावचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. दादांस पकडी त्या मैदानाने शिकविल्या होत्या. पहिला मार त्यांनी त्या मातीत खाल्ला, आणि त्यांचा मोडलेला हात मंडळानेच वर्गणी काढून बसवून आणला होता. एवढे करून हाताशी आलेला गडी एका पत्रासरशी निघून गेला, आणि मोबदल्यात गावास दिडकीही मिळाली नाही. एडमंटनास निदान दीड कोटी डॉलर तरी मिळाले! परंतु गावाने हिशेब ज्याच्याकडे मागावयाचा, तो कारखाना दूर मुंबईस होता. दादा समोर होते. म्हणून बनियन त्यांच्याकडून घेतला. हुतूतूत चढाईला गेलेल्या गड्याने दम असेतो आपल्या हद्दीत परत यावे असा नियम आहे. पोटासाठी पलीकडे गेलेल्यास तो नियम लावता येत नाही, हे आमच्या गावास समजले नाही. आणि त्या रात्रीच्या व्याख्यानावरून पाहता ते आम्हांसही समजले नव्हते.

वस्तुतः आम्हांस तरी ते समजावयास हवे होते. त्या नोकरीच्या पगारातून आमचे शिक्षण झाले. १९८४ साली कॉलेजासाठी आम्ही आलो, ते दादांनी इकडे घेतलेल्या खोलीत; आज ज्या घरात बसून हे लिहीत आहो, त्याच्या पायातही तोच पैसा आहे. गावाने गमावलेल्या गड्याच्या किमतीवर आम्ही वाढलो, आणि तसल्याच दुसऱ्या गड्याचे चित्र फाडणाऱ्या पोराची पाठ थोपटली.

त्या वर्षीच्या मोसमात अनुप जयपूरच्या गुलाबी वेषात दिसला. पाय पूर्वीइतके चपळ राहिले नव्हते. १९ डिसेंबर २०१८ रोजी पंचकुला येथे त्याने खेळातून निवृत्ती जाहीर केली. बातमी ऐकून पोर काही बोलले नाही. थोड्या वेळाने आजोबांच्या ट्रंकेतून ते चित्र मागून घेऊन त्याने पुन्हा कपाटावर डकविले. पुढल्याच वर्षी अनुप पुण्याच्या संघाचा प्रशिक्षक झाला, म्हणजे मुंबईच्या हाडवैऱ्याचा. तरी चित्र हलले नाही.

पण खरी परीक्षा २०१९ च्या एप्रिलमध्ये झाली. चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई या तरुणास मुंबईने आदल्या वर्षी छत्तीस लाखांवर काही देऊन घेतले होते. त्याने एकाच मोसमात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले. अनुपच्या जाण्याने पडलेली जागा भरली असे वाटते न वाटते, तोच नव्या लिलावात तेलुगू टायटन्स या संघाने त्याच्यासाठी एक कोटी पंचेचाळीस लाख मोजले आणि मुंबईने त्यास जाऊ दिले. एक गडी वय झाले म्हणून गेला. दुसरा भाव वाढला म्हणून. आमच्या जिभेवर नवे व्याख्यान तयार होते. दादांनी आमच्याकडे नुसते पाहिले.

पोराने बातमी पुन्हा वाचली, आकड्यावरची शून्ये बोटाने मोजली आणि विचारले, “आजोबा, त्याच्या गावात आज पेढे वाटले असतील का रे?”

“वाटले असतील,” दादा म्हणाले.

“मग सगळ्यांनी खाल्ले असतील?”

यावर दादांनी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. स्वतःच्या कोपरावरचा गूळ स्वतःस चाखता येत नाही, हे खरेच. परंतु दुसऱ्यास तो सहज चाखता येतो, ही गोष्ट म्हण सांगत नाही. १९७९ साली प्रमुखांच्या ओटीवरून परत येताना आम्ही वाटेत तो पुडा सोडला होता, आणि घर येईतो त्यांतले दोन पेढे खाल्ले होते. ते फार गोड लागले होते.