मधला तास

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते : 'दोन मुलांसह मातेची विहिरीत उडी.' गावाचे नाव, स्त्रीचे वय, पोलीस ठाण्यातील नोंद आणि शेवटी ते ठरलेले शब्द, 'कौटुंबिक कारणावरून'. वाचणारा क्षणभर थबकतो, 'कसली ही आई!' असे पुटपुटतो आणि पान उलटतो. ती आई त्याआधी किती रात्री झोपली नव्हती, तिचे जेवण केव्हा सुटले, ती कोणाजवळ काय बोलली आणि ऐकणाऱ्याने त्याचा काय अर्थ लावला, हे त्या चार ओळींत मावत नाही. लेकरे वाचवायची असतील तर आपल्याला या न छापलेल्या ओळीच वाचायला शिकले पाहिजे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

अशा एका घटनेच्या न छापलेल्या ओळी न्यायालयाच्या कामकाजामुळे जगापुढे आल्या. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहरी, 20 जून 2001 रोजी अँड्रिया येट्स नावाच्या छत्तीस वर्षांच्या मातेने आपली पाचही मुले न्हाणीघरातील टबात बुडविली. थोरला सात वर्षांचा होता, धाकटी सहा महिन्यांची. त्यानंतर तिने स्वतःच पोलिसांना फोन करून बोलावून घेतले. ही बाई पूर्वी परिचारिका होती, रुग्णांची सेवा केलेली होती. मुलांवर तिचा जीव होता, याविषयी तिला ओळखणाऱ्यांना शंका नव्हती.

मग हे घडले कसे? चौथ्या मुलाच्या जन्मानंतर, 1999 साली, तिने दोनदा जीव देण्याचा प्रयत्न केला होता. औषधोपचाराने ती सावरली. आणखी मूल झाल्यास आजार उलटेल, असे तिच्यावर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी बजावले होते. नोव्हेंबर 2000 मध्ये पाचवे मूल जन्मले. मार्च 2001 मध्ये तिचे वडील वारले आणि आजाराने पुन्हा डोके वर काढले. ती बोलेनाशी झाली, खाईनाशी झाली. दोनदा तिला रुग्णालयात ठेवावे लागले. जूनच्या आरंभी तिचे एक महत्त्वाचे औषध बंद झाले. त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पती कामावर गेले. दहाच्या सुमारास सासूबाई मदतीला यायच्या होत्या. मधल्या तासात सारे संपले.

2002 साली पंचांनी तिला दोषी ठरविले आणि जन्मठेप झाली. सरकारपक्षाच्या एका तज्ज्ञाची साक्ष चुकीची निघाल्याने 2005 साली तो निर्णय रद्द झाला. 26 जुलै 2006 रोजी, दुसऱ्या खटल्यात, मनोविकृतीमुळे ती निर्दोष ठरली आणि तिची रवानगी सरकारी मनोरुग्णालयात झाली. आपण वाईट आई आहोत, आपल्यामुळे मुले नरकात जातील, निष्पाप वयात त्यांचे मरण आले तरच ती तरतील, अशी तिची ठाम समजूत होऊन बसली होती. लहानग्यांना अडखळण होणाऱ्या माणसाच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याविषयीचे प्रभूचे वचन आपण दर वर्षी मिस्सेत ऐकतो. त्या आजारी मनाने तेच वचन स्वतःविरुद्धचा निकाल म्हणून ऐकले.

तिच्या बाजूने साक्ष देणाऱ्या डॉ. फिलिप रेस्निक यांनी 1969 सालीच आईबापांच्या हातून मुले मारली गेल्याच्या 131 घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांतील सुमारे निम्म्या घटनांत द्वेष नव्हता, रागही नव्हता. 'मी गेल्यावर या लेकरांना कोण पाहील?' किंवा 'या दुःखातून त्यांना सोडवले पाहिजे', ही त्यामागची भावना होती. आपल्याकडच्या विहिरीच्या बातम्या यापुढे ठेवून पाहाव्यात. कर्जाने वा बेकारीने खचलेल्या बापाच्या मनातही हाच विचार शिरू शकतो. म्हणून डॉक्टर सांगतात की, जीव नकोसा झालेल्या आईला वा बापाला आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : 'आणि मुलांचे काय करायचे तुझ्या मनात आहे?' हा प्रश्न विचारल्याने विचार मनात पेरला जात नाही. तो तिथे असेल तर बाहेर येतो.

माझ्या धाकट्या बहिणीला असाच आजार 1988 साली झाला. तिच्या संमतीने मी हे लिहीत आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर आठव्या दिवसापासून तिची झोप उडाली. सर्वांनी तो थकवा मानला. मग ती म्हणू लागली की, आपले दूध नासले आहे. पुढे सायंप्रार्थनेची घंटा झाली की बाळाला घट्ट धरून ती म्हणे, 'ही याच्यासाठीच वाजते. देवाने याला परत मागितलंय.' घरात कोणी दृष्ट काढली, कोणी प्रार्थना-शिबिराची वाट सुचविली. गावच्या वयोवृद्ध डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले, 'हा आजार आहे. प्रार्थना करा, पण उद्याच्या गाडीने हिला मुंबईला न्या.' तिला नेले, औषधे सुरू झाली. परंतु औषधाचा गुण यायला दिवस लागतात, आणि ते दिवस काढायचे होते.

ते काढले तिच्या यजमानांच्या आत्याने. आत्या निपुत्रिक, विधवा, अक्षरशत्रू. तिने आपली चटई उचलली आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी अंथरली. वालाच्या शेंगा सोलाव्यात, जपमाळ ओढावी, माश्या वाराव्यात, असा तिचा दिवस जाई. उपदेश तिने केला नाही. स्वयंपाकघरात जायचे झाले तर बाळ काखेत घेऊनच ती जाई. रात्री आई तिची जागा घेई. असे पाच आठवडे चालले.

पुष्कळ वर्षांनी बहीण मला म्हणाली, 'दुपारी सगळे आडवे झाले की मी आत्याकडे बघत बसायचे. हिचा डोळा लागला की उठायचं, असं ठरवलेलं असायचं. विहीर चाळीस पावलांवर होती. पण आत्याचा डोळा काही लागायचा नाही गं.' ते बाळ आज दोन मुलींचा बाप आहे.

आजाराची ओळख असावी म्हणून थोडे सांगते. बाळंतपणानंतर दोन-चार दिवस रडू येणे, मन हळवे होणे हे बहुतेक स्त्रियांना होते आणि आपोआप ओसरते. आठवड्यांमागून आठवडे टिकणारे नैराश्य दर शंभर मातांपैकी दहा-पंधरा जणींना तरी गाठते. ज्या तीव्र मनोविकृतीविषयी मी बोलत आहे, ती हजारात एकीला वा दोघींना होते. ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होते आणि झपाट्याने वाढते. झोपेची गरजच न वाटणे, भास होणे, भलता संशय, बाळाविषयी विचित्र समजुती ही तिची लक्षणे होत. एकदा ती झाली असेल वा मनाचा मोठा आजार आधी होऊन गेला असेल, तर पुढच्या बाळंतपणात धोका मोठा असतो. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, 'बाळ हातून पडेल तर?' असे नकोसे विचार पुष्कळ चांगल्या मातांच्या मनात येतात आणि त्या विचारांना त्या स्वतःच भितात. अशा आईला धीर द्यावा. ज्या आईला असा विचार योग्यच वाटू लागतो, तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि तोवर तिला व बाळाला एकटे सोडू नये.

आपण श्रद्धावंत माणसे. आपल्या घरात आजार पुष्कळदा श्रद्धेची भाषा बोलतो, म्हणून आपण फसतो. 'मी पापी आहे' असे म्हणणाऱ्या बाळंतिणीला आपण प्रायश्चित्त संस्काराला धाडतो. तिने जरूर जावे, पण धर्मगुरूंनी आणि घरच्यांनी तिला शेवटची झोप केव्हा लागली हेही विचारावे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की, गंभीर मानसिक विकाराने आत्महत्या करणाऱ्याची जबाबदारी कमी होते. दोन बाळंतपणांत अंतर ठेवण्याच्या बाबतीतही पोप सहावे पॉल यांनी 1968 च्या 'ह्युमाने व्हिटे' या परिपत्रकात पतिपत्नीच्या शारीरिक अवस्थेबरोबर मानसिक अवस्थाही विचारात घेतली आहे. डॉक्टरांनी 'आता थांबा' म्हटले तर ख्रिस्तसभेने दाखविलेल्या मार्गाने थांबणे हा देवावरचा अविश्वास नव्हे.

मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिंफना हिची आख्यायिका या संदर्भात मला नेहमी आठवते. पत्नीवियोगाने बुद्धी भ्रमलेल्या पित्याच्याच हातून ही आयरिश राजकन्या मारली गेली, असे परंपरा सांगते. बेल्जियममधील गेल या गावी तिच्या समाधीपाशी मनोरुग्ण येऊ लागले आणि देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले. ती प्रथा शतकानुशतके चालत राहिली. 1938 साली त्या गावातील कुटुंबांत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण राहत होते. ती घरे शेतकऱ्यांची होती. रुग्णाला ताटावर बोलवायचे, कामात सोबत घ्यायचे आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

आज उपचाराच्या सोयी आमच्या वेळेपेक्षा पुष्कळ आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत 2009 साली आई व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग सुरू झाला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडले जात नाही. 'मूल हिरावून घेतील' या भीतीने लपविण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा रात्रंदिवस विनामूल्य मिळते. पण फोनवरच्या आवाजाला उंबऱ्याशी बसता येत नाही. पूर्वी एका घरात पंधरा माणसे असत. आता सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर बाळंतीण आणि बाळ दोघेच असतात, आणि नवरा सकाळी साडेसातच्या लोकलला गेलेला असतो. ह्यूस्टनला तो एक तास होता, आपल्याकडे आता बारा तासांचा झाला आहे.

स्नानसंस्काराच्या निमित्ताने प्रत्येक धर्मग्रामाला आपल्या हद्दीतील नव्या बाळांची माहिती होते. आपण पेढा खातो, बाळाचे नाक कोणावर गेले त्याची चर्चा करतो. महिला मंडळाने वा विभागाच्या समूहाने त्याच यादीवरून प्रत्येक बाळंतिणीकडे दोन आठवड्यांच्या आत एकदा आणि महिन्याने पुन्हा जावे. आईला विचारावे, 'तुला झोप लागते का?' उत्तर ऐकेपर्यंत थांबावे. आणि जिथे उत्तर बरे वाटणार नाही, तिथे डॉक्टर गाठेपर्यंत आपसांत दुपारी वाटून घ्याव्यात : सोमवारची कोणाची, मंगळवारची कोणाची.